वन्संचं मशीन

ता. ११ जानेवारी

चि. सौ. सारथीबाईंस, अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

अखेर जिंकले! लहान दवाखान्यांतही रक्ताचं मशीन ठेवा म्हणून वरच्या साहेबांचं डोकं खात होते; त्यांनी हात टेकले. तूर्त एकच मंजूर झालंय, ते तुमच्याच गावात येतंय. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं, ते हे मशीन थोडं असतानाच पकडतं. अगदी सुरुवातीला सापडेलच असं नाही, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा रक्त घ्यायचं.

आता तुझं. भाऊ लिहितो, बस चालवताना तुझी पाठ भरून येते, जबडा दुखतो आणि तू त्याला पित्त म्हणतेस. बायकांचं हृदय पुष्कळदा असं आडून बोलतं. पुन्हा दुखलं तर तडक दवाखाना गाठ. नाहीतर मीच येऊन राहीन, महिनाभर.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी वन्सं

ता. २ फेब्रुवारी

ती. वन्संस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन राहाल या धाकानेच गेले, हे आधी सांगते.

डेपोतच पाठीत कळ आली, दरदरून घाम फुटला. बस दुसऱ्या चालकाच्या हवाली केली. दवाखान्यात ईसीजी साफ, रक्तही साफ. तोवर कळही ओसरली. मी चपला शोधू लागले, तर तुमचा भाऊ त्या मांडीवर घेऊन बसलेला. दटावलं, तरी ढिम्म. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "पहिल्या रिपोर्टने सोडलंय तुम्हाला, मी नाही."

दुसऱ्या रक्तात आकडा चढला. मग रुग्णवाहिका, मोठं रुग्णालय, स्टेंट. हृदयाला फारसा धक्का बसण्याआधीच आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते ऐकून तुमचा भाऊ जिन्यात जाऊन रडला. मला कळलंय, हे त्याला सांगू नका.

माया आहेच, वाढती ठेवा.

तुमची सारथी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सारथीस, उदंड आशीर्वाद.

पत्र प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. इतकी वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळतेय, पण त्या दिवशी एकीलाही हात लावायचं धाडस होईना. भाऊच्या रडण्याची ओळ अंगठ्याखाली झाकून पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उरलेल्या सगळ्या दवाखान्यांची मशीनं मंजूर झाली! पोरी, माझ्या इतक्या वर्षांच्या भांडणाने जे जमलं नाही, ते तुझ्या एका पत्राने केलं.

औषधं चुकवू नकोस. जीव लावते आहे, जपून ठेव.

वन्सं

ता. १६ जून

ती. वन्संस, शि. सा. न.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि सोमवारी पहिल्या पाळीची बस मीच फाटकाबाहेर काढली. तुमचा भाऊ पुढच्या सीटवर बसून माझ्याकडेच पाहत होता. त्यालाही तिकीट काढायला लावलं. चढावर गिअर टाकला आणि बस अशी सुटली की माझं मलाच हसू आलं.

काल तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या छातीत दुखलं. पित्त म्हणून बसून न राहता त्या आपणहून दवाखान्यात गेल्या, दोनदा रक्त दिलं. दोन्ही वेळा साफ. उगाच सगळ्यांना धावायला लावलं, म्हणून आज लाजून वर बघेनात. मी सगळ्या डेपोसमोर त्यांना मिठी मारली आणि म्हटलं, "बाई, अशी फजिती आपल्या प्रत्येकीची होवो."

तुमच्या मायेची कायमची हक्कदार,
सारथी