गिनीचं वर्म

अण्णा, परवा नातसुनेनं विचारलं, "नारू म्हणजे काय हो?" आधी हसू आलं, मग राग आला, तुमचाच. इतक्या वर्षांनी.

तुम्ही परंड्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. शिक्षण सगळं उर्दूत, इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचात. निजामी गेली, पाट्या मराठी झाल्या, आणि कुणीतरी तुमच्या कानावर घातलं की परदेशातली आरोग्याची पुस्तकं पत्र टाकलं की फुकट येतात. झालं! तुमची पत्रांवर पत्रं सुरू. गावात धड डॉक्टर नाही, निदान पुस्तक तरी असावं, असं तुमचं म्हणणं. कुर्डुवाडीच्या मोटारीनं गठ्ठे यायचे, तुम्ही प्रत्येकाला खाकी कव्हर घालून वर मराठीत नाव लिहायचात. आई म्हणायची, "ह्यास्नी पुस्तकांचं लई याड."

त्या उन्हाळ्यात आईच्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारूचा किडा डोकावला. तुम्ही तसेच वाचनालयात गेलात, आरोग्याचं कपाट पालथं घातलंत. परत येऊन म्हणालात, "साहेब लोकांना हा रोग ठाऊकच न्हाय." मग शेजारच्या मावशींनी नारू चिमटीत धरून ओढला. तो आतच तुटला. पाय सुजला, पिकला. ताप उतरला तरी घोटा आखडला तो आखडलाच.

पुढं एक दिवस मी वाचनालयात तुमचा डबा घेऊन आले होते. गावातला सोनार वैतागून पुस्तक परत करायला आला. "मास्तर, ह्यात सोन्याचं काय बी न्हाय. पायातल्या किड्यांची चित्रं हायत!" कव्हरावर तुमच्याच अक्षरात लिहिलेलं, 'गिनीचे वर्म'. नारूला इंग्रजीत गिनी वर्म म्हणतात. तुम्ही ते वाचून सोन्याची गिनी आणि तिचं मर्म समजलात, आत न बघता पुस्तक सोनारकामाच्या खणात लावलंत. चित्रात नारू काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत होते. खाली लिहिलं होतं, ओढू नका; नारू पिण्याच्या पाण्यातून पसरतो.

तुम्ही घरी येऊन आईला सगळं सांगितलंत, काही झाकलं नाही. मला वाटलं, आता ती तुम्हाला फाडून खाणार. ती म्हणाली, "माझा पाय तर गेला. आता बारवेवर जाऊन वाचा."

आणि तुम्ही गेलात की! कपाटं सगळी नव्यानं लावलीत. म्हणालात, "माणूस ज्या नावानं कण्हतो, त्याच नावानं पुस्तक सापडाया पाहिजे." रोज सकाळी, गाव पाणी भरायचं त्या बारवेच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगायचात, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, नारूचा पाय पाण्यात घालू नका. बाया खिदळायच्या, "मास्तर, आज गिनीला काय भाव?" तुम्हीही हसायचात.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच मावशींच्या सुनेला नारू झाला. तुम्ही पुस्तक उघडं धरून समोर बसायचात, मावशी काडी फिरवायच्या. सगळाच्या सगळा निघाला. ती पोरगी आपल्याकडे अंगणात आली, त्या पायावर उड्या मारून दाखवल्या, तुमच्या पाया पडली. तुमचे डोळे भरून आले. आई लंगडत आतून आली आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मी मागच्या दारी जाऊन रडले, अण्णा. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या पोरीचा पाय वाचला, याचा आनंद मला अजून झालेला नाही.