सगळे सेल एकदम काढू नयेत

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने घड्याळजी, वय वर्षे पंच्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो वाचून मुलीला हसू आलं. ते हसू पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त स्वयंपाकघराच्या दारामागे तिच्या आईने चिकटवलेली सामानाची यादी रंग काढताना खरवडू नये. त्या यादीत इंग्रजी ‘ए’ला मधली दांडी नाही. का, ते पुढे येईल.

कलम २. भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा संच समोरच्या चष्मेवाल्या बाईंना. त्या घेतलेली वस्तू जागेवर ठेवतात. आमच्या रस्त्यावर असं दुसरं कोणी नाही.

कलम ३. माझा पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. आता कोणाला खरं वाटणार नाही, पण फोनला बटणंच होती त्या काळात आम्ही अकरा जण या करड्या पडद्यासाठी वेडे झालो होतो. दर सुट्टीच्या सकाळी शटर अर्धं ओढून दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा क्लब जमायचा. दोन यंत्रांची नाकं समोरासमोर धरली की तारेशिवाय एकातल्या नोंदी दुसऱ्यात जायच्या. याला आम्ही बीम करणं म्हणायचो. कोणी चहाचा कप उचलायला वाकलं की आरडाओरडा: “अहो, मध्ये हात आणू नका, अर्धवट राहील!” माझे मेहुणे एकदा हा प्रकार बघून गेले. “भाऊजी, पाटी-पेन्सिल काढलीत का पुन्हा?” असं चारचौघांत म्हणाले. यंत्राचं चामडी कव्हर त्यांना द्यावं. रिकामं. यंत्र मुलीला.

यंत्राच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने लिहायची अक्षरं निराळी होती. बहुतेक प्रत्येक अक्षर काडी न उचलता एका फटक्यात काढायचं. ‘ए’ म्हणजे नुसतं छप्पर, मधली दांडी गाळलेली. माझ्या हातात ती बसायला दोन महिने लागले. ही, म्हणजे माझी पत्नी, चार दिवसांत शिकली आणि पुढे कागदावरही तशीच लिहू लागली. माझे जिवलग मित्र मास्तर शाळेत भूगोल शिकवत. ते तिला म्हणायचे, “वहिनी, माझ्या वर्गात असतात तर नापास केलं असतं.” “आणि मी तुमच्या यंत्रातले सगळे खेळ पुसले असते,” ही म्हणायची. तिचं वेगळं यंत्र होतं. दुपारची जेवणं उरकली की त्यात काहीबाही लिहीत बसायची. काय लिहितेस विचारलं की म्हणायची, “मी गेल्यावर वाचा.” तेव्हा ती ठणठणीत होती, म्हणून मीही हसायचो. ते दिवस फार चांगले होते.

कलम ४. हे कलम कबुलीचं आहे.

यंत्रात दोन पेन्सिल सेल आणि एक बटण सेल असे. पेन्सिल सेल काढले तरी बटण सेल आतलं सगळं धरून ठेवी. सगळेच एकदम काढले की यंत्र कोरं. नव्या सभासदाकडून हे आम्ही पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचो.

ही गेली. तिच्या नोंदी वाचायचा मला धीर होईना. मास्तर एकदा येऊन तिच्या यंत्राचे पेन्सिल सेल बदलून गेले. महिन्याभराने मी ते चालू केलं, तर दुकानातून नुकतं आणल्यासारखं स्वागत आणि खाली सूचना: फुलीवर काडी टेकवा. मी सगळ्यांसमोर मास्तरांवर खापर फोडलं. ते म्हणाले, “घड्याळजी, मी एका वेळी एकच काढला होता.” मी म्हणालो, “चालते व्हा.” त्यानंतर ते दोनदा आले, खांद्याला पिशवी लावून. दोन्ही वेळा मी शटर खाली ओढलं. क्लब तिथेच मोडला.

सेल मीच काढले होते. जे घड्याळ आता कोणी घालणार नाही, त्यातला सेल काढून ठेवायचा, नाहीतर तो पाझरून आतलं सगळं खातो, हे आमच्या धंद्यात हाताला सांगावं लागत नाही. मास्तर गेल्यावर चार दिवसांनी, हिचं यंत्र जपून राहावं म्हणून, मी तिन्ही सेल काढून पुडीत बांधले. सेल परत घालून स्वागताचा पडदा दिसला तेव्हा ती रिकामी पुडी माझ्या डाव्या हातात होती. म्हणजे मला त्याच क्षणी कळलं होतं. एकोणीस वर्षं मी मूग गिळून बसलो. मला लाज वाटते आणि मास्तरांची आठवण येते.

कलम ५. हिचं कोरं यंत्र मास्तरांच्या नावे करणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, “काका, ज्यांना काही द्यायचं त्यांना साक्षीदार करता येत नाही. एक काय ते ठरवा.” मी ठरवलं. वारसाला मी गेल्यावर बोलावतील. साक्षीदाराला मी असताना यावं लागतं. म्हणून मास्तरांना काहीही देत नाही. मुलीबरोबर निरोप धाडला आहे. येतील की नाही, माहीत नाही. आलेच तर कलम चार वाचून मगच सही करावी. तेही यंत्र मुलीलाच.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, सकाळी

सही, घड्याळजी

साक्षीदार पहिला: सही, शेजारच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर. क्लबाचा जुना सभासद.

साक्षीदार दुसरा: सही, निवृत्त भूगोल शिक्षक. कलम चार दोनदा वाचलं. त्या दिवशी सेल बदलण्याआधी खबरदारी म्हणून वहिनींच्या सगळ्या नोंदी माझ्या यंत्रात बीम करून घेतल्या होत्या. तेच सांगायला दोनदा आलो होतो. पुढे पत्राने कळवता आलं असतं, पण मग मलाही राग आला. नोंदी उघडून वाचलेल्या नाहीत. एकोणीस वर्षं दर तीन महिन्यांनी सेल बदलतो आहे, एका वेळी एकच. यंत्र पिशवीत आहे. वहिनींच्या यंत्रात सेल घाला, घड्याळजी, आणि मध्ये हात आणू नका.