टाकीच्या झाकणावरचं कुंकू

अंबड, नाशिक
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादांस,
दीपमालाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. माझ्या हातून मोठी चूक झालीय. दोन घास धड उतरत नाहीत.

आम्ही सिलिकॉनच्या चकत्या आम्लात धुतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. धुतल्यावर त्यांचा पृष्ठभाग उघडा पडतो, लागेल ते धरून बसतो. म्हणून लगेच पातळ रासायनिक थर देऊन त्याला शांत करायचं; याला पॅसिव्हेशन म्हणतात. त्या खोलीत साध्या टिकलीलाही बंदी. आणि मी खंडेनवमीला, तुम्ही धाडलेल्या, देवीच्या गडावरच्या कुंकवाचं बोट आम्लाच्या टाकीच्या झाकणाला लावलं! काल दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं आणि सगळ्या चकत्या बाद. कुंकवातले क्षार वाफेबरोबर टाकीत उतरले असणार.

ठपका जमीलभाईंवर आला, कारण आम्ल त्यांनी भरलं होतं. मूळचे मालेगावचे, मला हे काम त्यांनीच शिकवलं. कालपासून त्यांना घरी बसवलंय, पंधराला निकाल. मी अजून गप्पच आहे. काय करू?

आईला नमस्कार. चूक पोटात घालून माया असू द्यावी.

तुमची,
दीपमाला

सटाणा
१० ऑक्टोबर

चि. दीपमाला हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. अगं, फवारणीच्या पंपाला कुंकवाचं बोट लावायचं ते आमच्यासारख्यांनी! पण 'यंत्राला विसरू नको' असं मीच लिहिलं होतं, तेव्हा हसायचा हक्क मला नाही.

तुझी आई म्हणते, निकाल लागेपर्यंत गप राहा, नोकरी पुन्हा मिळायची नाय. खरं सांगतो, रात्रभर मीही तिच्याच बाजूचा होतो. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं. जमीलभाईंच्या घरी खाणारी तोंडं किती, हे तू लिहिलंच नाहीस. ठाऊक असून लिहिलं नसशील. मग मला कशाला विचारतेस?

जेवत जा. खुशाली कळव.

आशीर्वाद,
सावळीराम

अंबड, नाशिक
१६ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं आणि त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. टाकी रिकामी करून धुतली. नव्या चकत्या उत्तम आल्या. जमीलभाई कामावर परतले, मला पॅकिंगला बसवलंय. नोकरी राहिली, आईला सांगा.

काल इथल्याच वडाळ्यात जमीलभाईंच्या घरी माफी मागायला गेले. ते नमाजाला गेले होते. त्यांच्या पत्नी रोशनबींनी चहा दिला. त्यांच्याकडून कळलं, की चकत्या बाद झाल्या त्याच दिवशी जमीलभाईंना झाकणाच्या कडेला लाल डाग दिसला होता. त्यांनी तो पुसला आणि चौकशीत माझं नाव घेतलं नाही. पोरगी स्वतःच सांगेल, असं घरात रोज म्हणायचे.

सात दिवस म्हणत होते. दादा, मी सांगितलं ते आठव्या दिवशी. त्या सकाळी पहिल्यांदाच ते तसं म्हणाले नव्हते.

तुमची,
दीपमाला