मेपल गल्लीची कच्ची हॅलोवीन

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून कच्चं. शिजवलेलं बंद. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा सांगितला तेव्हा बायको, मार्लिस, शेजारीच बसली होती, त्यामुळे घरी येऊन आकडा कमी करून सांगायची सोय राहिली नाही. तरी मी घाबरून हे करत नाहीये. मला पटलंय म्हणून करतोय. शिजवणं म्हणजे अन्नाचा जीव घेणं, असं ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.

दुसरी बातमी. गल्लीची हॅलोवीन पार्टी यंदा आपल्याकडे. आमच्या लग्नाआधीपासून ती व्हर्नाबाईंकडे व्हायची, पण गुडघ्यांमुळे त्या आता मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. समोरचा ड्वेन हात वर करणार एवढ्यात मी केला. मार्लिसला फार आनंद झाला. पोरगी कॉलेजला गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणाली. आता घरात माणसं येतील.
मी तिला एवढंच म्हणालो, येतील, आणि निरोगी होऊन जातील.
तिचा आनंद थोडा कमी झाल्यासारखा वाटला. भास असावा.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दिवस चौथा. अंगात हलकेपणा आलाय. जिने चढताना चक्कर येते, ती शरीरातली घाण बाहेर पडत असल्यामुळे.
ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचे डोनट होते. एक खाल्ला. शत्रू काय करतो ते माहीत असावं.
दुसराही खाल्ला. पहिल्यात नीट कळलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
मेनू पक्का. फ्लॉवरचा गड्डा म्हणजे मेंदू. सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे. काकडीसारख्या झुकिनीच्या लांब शेवया म्हणजे अळ्या. केळ्यांची भुतं. कच्च्या भोपळ्याचा पाय, म्हणजे केकसारखा गोड पदार्थ. आणि मोठ्या पातेल्यात व्हॅम्पायरचं रक्त, म्हणजे बीट, सफरचंद आणि संत्र्याचा रस. बीट रक्त शुद्ध करतं. बिटाबद्दल मला आता इतकं कळतं की व्याख्यान देता येईल. मार्लिसला दिलं. ती मध्येच कपडे वाळत घालायला उठली. मशीनमध्ये वाळतात आमच्याकडे, पण असो.
तिचं म्हणणं, अरे लायल, निदान एक पातेलं चिली कर, खिमा-राजम्याची. लोकांना बोलवायचंय का हाकलायचंय?
मी म्हणालो, लोकांना बदल हवा असतो. त्यांना ते माहीत नसतं एवढंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
वाळवण घालायचं यंत्र आणलं. रात्रंदिवस घूं घूं करतं. आत केल नावाच्या पालेभाजीचे चिप्स ठेवलेत. मार्लिसने उशी उचलली आणि पोरीच्या खोलीत झोपायला गेली. यंत्राबरोबर मी एकटाच. शांत वाटतं. आवाज सोडला तर.

काजूचं चीजही केलं. काजू भिजवायचे, वाटायचे, आंबू द्यायचे. ड्वेन चीजच्या कारखान्यात कामाला आहे, म्हणून मुद्दाम त्याला चाखायला बोलावलं. त्याने एक बोट चाटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, लायल, घरी सगळं ठीक आहे ना?
हा मत्सर. चीजवाल्यांचे दिवस भरले, हे त्याच्या लक्षात आलंय.
जाताना म्हणाला, मी आपला थोडे हॉटडॉग करून ठेवतो माझ्या अंगणात. अगदीच कुणाला लागले तर. मी म्हणालो, ठेव की. वाया जातील.

२६ ऑक्टोबर, रविवार
काजूच्या चीजवर निळी झाक. पुस्तकात हे नाही. झाकण लावून गॅरेजमध्ये ठेवलं.
संध्याकाळी झाकण आपोआप उडालं. पदार्थ जिवंत असल्याचं याहून चांगलं लक्षण कोणतं?
मार्लिसने तो पदार्थ हातमोजे घालून बाहेर नेला. कुठे, ते सांगितलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार
द्राक्षं सोलतोय. द्राक्ष सोलणं हे माणसाचं काम नाही. बोटं पांढरी पडली आहेत. मार्लिसला मदत मागितली. ती म्हणाली, तू म्हणालास ना की हे ध्यान आहे, मग कर ध्यान. अर्धी द्राक्षं न सोलताच ठेवतो. ते बंद डोळे.
भोपळ्याचा पाय घट्ट होत नाहीये. कच्चा भोपळा कच्चाच लागतो. पण भुकेला चव कळत नाही, आणि थंडीत चालत येणाऱ्यांना भूक असतेच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
पार्टी झाली. प्रचंड यशस्वी.
आता सविस्तर. अख्खी गल्ली आली. मार्लिस पांढऱ्या चादरीचं भूत झाली होती, छान दिसत होती. मी गाजर झालो होतो. मला बघून कोपऱ्यावरचा बर्ट म्हणाला, यंदा भीती वाटतेय खरी. त्याची बायको कोलीन मेंदूकडे गेली, मेंदूला काटा टोचला, काटा आत गेला नाही. तिने विचारलं, हा शिजायचा राहिलाय का? मी समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. माझं संपलं तेव्हा समोर कोलीन नव्हती, कोट टांगायचा खांब होता.

मुलांनी डोळे खाल्ले नाहीत, एकमेकांना फेकून मारले. म्हणजे हाताळले तरी. अळ्यांना पाणी सुटलं. केळ्याची भुतं काळी पडली, ती उलट जास्त भुतासारखी दिसली.
रक्ताला मात्र तोड नव्हती. पातेल्याचा तळ दिसला. बर्ट म्हणाला, पोटात काहीतरी हवं ना बाबा. ड्वेन एकटा चार ग्लास प्यायला. मीही पोटभर प्यायलो. मार्लिसने चादरीवर डाग नको म्हणून घेतलं नाही.

मग एकेकाला कामं आठवायला लागली. कोलीनला कुत्र्याला फिरवायचं होतं. बर्टला त्याच कुत्र्याला फिरवायचं होतं. कुणाला बाहेरची हवा हवी होती. शेवटी मी आणि मेंदू. खिडकीतून बघतो तर सगळी गल्ली ड्वेनच्या अंगणात शेगडीभोवती. मार्लिस त्यांच्यातच, चादर वर गुंडाळून दोन्ही हातांनी खात होती. हसत होती.
मोठी पार्टी एका घरात मावत नाही. जास्तीचे लोक समोर बसवावे लागले, इतकंच.
गाजराचा पोशाख एकट्याने काढता येत नाही, हे आधी बघायला हवं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.
बाथरूममध्ये गेलो. लाल. सगळं लाल.
मी चाललो.
मार्लिसला उठवलं नाही. माणसाने शांतपणे जावं. दवाखान्याबाहेर गाडीत बसून हे लिहितोय. बर्फ उडवायचं मशीन मेहुण्याला द्यावं. ड्वेनला देऊ नये. यंत्रातले चिप्स ज्याला हवे त्याला. मार्लिसने दुसरं लग्न करायला माझी हरकत नाही, पण लगेच नको. घर तिला खायला उठेल, याचं मात्र वाईट वाटतं. माणसं यावीत एवढंच तिचं मागणं होतं, आणि मी त्यांच्यापुढे फ्लॉवर ठेवला.

त्याच दिवशी. दुपार.
आत गेलो तर ड्वेन बसलेला. कानामागे कालच्या सोंगाचा हिरवा रंग तसाच. म्हणाला, खांदा दुखतोय जरा. पलीकडे बर्ट आणि कोलीन. फ्लूची लस घ्यायला आलो, म्हणाले. दोघं एकमेकांचा हात धरून होते. लसीसाठी एवढा धरत नाहीत. मी म्हणालो, मला शिंका येताहेत. कुणी कुणाकडे बघेना. सगळे पांढरेफटक.

इतक्यात नर्स बाहेर आली. वयस्कर, चष्मा डोक्यावर. सगळ्यांवरून नजर फिरवून तिने विचारलं, काल कुणी बीट खाल्लं होतं का?
सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मी म्हणालो, खाल्लं नाही, प्यायलो.
ती म्हणाली, मग घरी जा. बिटाचा रंग आहे तो. उद्यापर्यंत जाईल.

मग ड्वेनचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. म्हणाला, लेका लायल, मी सकाळी माझ्या भावाला फोन केला रे. सात वर्षं बोललो नव्हतो. कोलीन म्हणाली, मी ह्याला सगळं माफ केलं गाडीत. आता परत घ्यावं लागेल. बर्ट म्हणाला, आधी न्याहारी, मग घे. भीतीने कुणीच काही खाल्लं नव्हतं.

सगळे आमच्याकडेच आले. मार्लिस दारात उभी, आधी माझ्या पोटावर हात ठेवला, मग माझ्यामागे माणसं दिसली. काय झालं ते ऐकून ती पायरीवरच बसली आणि डोळे पुसत हसत राहिली. मग उठली आणि तवा काढला. अंडी, बेकन, बटाटे. घरात इतका आवाज कित्येक महिन्यांत नव्हता.

मीही खाल्लं. अर्थात पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून. तीनदा घेतलं.

पुढच्या वर्षी पार्टी पुन्हा आमच्याकडेच, असं ठरलं. जेवण ड्वेन आणि मार्लिस बघतील. मी खुर्च्या लावायच्या. मतं घेतली तेव्हा विरोधात मी एकटा होतो.