तारखेची जागा कोरी

मी, शर्टाच्या कारखान्यात उभी हयात काजं करण्यात घालवलेली बाई, वय सत्तरीपार, डोकं ठिकाणावर आणि जीभ त्याहून ठिकाणावर, कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर आपखुशीने हे लिहवून ठेवते. लिहिणारे खालच्या मजल्यावरचे कारकून भाऊ. आत्ताच म्हणाले, "आजी, टोमणे कायद्यात बसत नाहीत." म्हटलं, "मग समासात लिहा."

१. हे घर माझ्या कमाईचं. ते माझ्यामागे मुलाला. कामावर जाताना तो माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप घालतो. "आई, गोळ्यांनी रक्त पातळ झालंय, पडलीस तर थांबायचं नाही." माया आहे, नाही म्हणत नाही. पण दाणे घातले म्हणून पिंजऱ्याचं घर होत नाही. दुसरी किल्ली कारकून भाऊंकडे, आग लागली तर म्हणून. आज लागली आहे.

२. माझा रोग लिहिते, कारण घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितला तो असा: अंगातला राखणदार चळला. चोरावर सोडायचा कुत्रा घरच्यांनाच चावू लागला. मग जखम नसतानाही रक्त गोठतं. शिरेत गुठळी झाली तेव्हा माझा पाय भोपळ्यासारखा सुजला. धमनीत अडकली की पुढचा भाग उपाशी मरतो. गर्भाकडची वाट तुंबली की गर्भ जातो. माझे तीन गेले, चौथा हा मुलगा. सासू मला पांढऱ्या पायाची म्हणायची. तिला इथे काही नाही. वर गेल्यावर समक्ष देईन.

३. लोखंडी कपाट सूनबाईला. एकदा सुई बोटात गेली, रक्त थांबेना, तर तिने घाबरून माझी रक्त पातळ करायची गोळीच बंद केली. कुणाला विचारलं नाही. आठवडा सरला नाही तोच मेंदूतली धमनी तुंबली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. वाईट नाही ती, भित्री आहे. कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात आहेच.

४. त्या कपाटात कोंडलेली माझी कात्री नातीला. आजच काढून द्यावी.

५. आता मुद्द्याचं. नातीचे दोन गर्भ गेले, तिसऱ्यांदा दिवस राहिलेत. तिला एवढंच ठाऊक की आजीला वाताचा त्रास आहे. मुलगा म्हणतो, "सासरी कळलं तर पोरीला परत पाठवतील." ती भेटायला आली की सूनबाई मधे खुर्ची टाकून बसते. "आई, थकलात, पडा जरा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वारशाने येतोच असं नाही, पण घरात हा रोग आणि दोन गर्भ गेलेले, तर रक्त तपासाच. निघालाच, तर पोटात सुया घेऊन पुष्कळींची बाळं राहतात. माझ्या वेळी ती सुई नव्हती. आता आहे, आणि आम्ही तोंडं शिवून बसलोय. काजं करणाऱ्या बाईला हे शोभत नाही.

६. म्हणून हे मी मेल्यावर उघडायचं नाही. बैल गेला नि झोपा केला, असं व्हायचं. आज नात यायची आहे, माझं रक्त न्यायला नर्सही. दोघींसमोर भाऊंनी मोठ्याने वाचावं. सूनबाई, खुर्ची भिंतीला लाव.

७. तारीख मुद्दाम घातलेली नाही. नातीचं रक्त नळीत पडलं की नर्सनेच घालावी. तोवर कलम एक लागू नाही.

मला सही येते. हात गेला, म्हणून डावा अंगठा.

साक्षीदार: रक्त न्यायला येणारी नर्स
साक्षीदार: कारकून भाऊ (टोमण्यांना जबाबदार नाहीत)
स्थळ: वरची खोली, कुलपाच्या आत
दिनांक: