गफ्फारचाचांची साक्ष

प्यारे अब्बा,

आज गफ्फारचाचांची नात नाझिया नोकरीवर रुजू व्हायला पुण्याला गेली. ती कशी गेली, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मराठीतच लिहितेय, मराठी शाळेत तुम्हीच घातलंत ना?

संरक्षण खात्यातली नोकरी. म्हणून गेल्या महिन्यात तिची चौकशी करायला पोलीस जमादार आला आणि शेजारीण म्हणून साक्षीला मला बोलावलं. मला, अब्बा! तुमच्या मुलीला!

तुमचीही अशीच चौकशी झाली होती. औरंगपुऱ्यातल्या बोळात तुम्ही रेडिओ दुरुस्त करायचात. लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेस मेकॅनिक म्हणून निवड झाली, तेव्हा अम्मीनं गल्लीभर मिठाई वाटली. पोलीस अ‍ॅक्शननंतर फुफी नवऱ्याबरोबर कराचीला गेली, हे तुम्ही स्वतःहून सांगितलं होतं. लपवलं काय होतं? चौकशीचे साहेब म्हणालेही, नुसती बहीण तिकडं आहे म्हणून अडणार नाही, शेजारी काय म्हणतात ते बघू.

शेजारी म्हणजे गफ्फारचाचा, तुमचे लहानपणचे दोस्त. ते म्हणाले, करीम रेडिओवरून बहिणीला खबरा धाडतो. रेडिओवरून! दुरुस्तीला आलेल्या डबड्यातून! पण पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती. खातरजमा कोण करणार? तुमची निवड रद्द झाली आणि तुमच्या जागी चाचांचा मेहुणा चिकटला.

चौकशीला आलेल्या हवालदारानं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तरी दर ईदला माझ्याच हाती त्यांच्याकडं शीरखुर्मा धाडायचात! का हो? अम्मी भांडली की म्हणायचात, "जाने दो." तुम्ही सोडून दिलंत, पण लोकांनी आपल्याला कुठं सोडलं? शाळेत मला 'कराचीवाली' म्हणायचे. भाईजानचं ठरलेलं लग्न मोडलं. मशिदीत तुमच्या शेजारी उभं राहायला माणसं कचरायची.

चाचांच्या घरी चहा पिता पिता जमादारानं मला विचारलं, "मॅडम, यांचं कुणी परदेशात हाय का?"

चाचांनी आपली मुलगी कराचीतच दिली आहे. जमादाराच्या नकळत त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. मी आधी माझा चहा संपवला. मुद्दाम. ते जोडलेले हात बघून मला लई बरं वाटलं, अब्बा!

मग खरं तेच सांगितलं. "व्हय, हिची आत्या कराचीत आहे. ईदला फोन होतो, बाकी काही नाही. पोरगी सरळ आहे."

"तिनं पण हेच सांगितलंय," म्हणत तो उठला.

तो गेल्यावर चाचा रडायला लागले. "बेटी, तेरा एहसान..."

"एहसान ठेवा तुमच्याजवळ. माझ्या अब्बांबद्दल पोलिसांना काय सांगितलं होतं, ते नाझियासमोर बोला."

"पुरानी बात है, बेटी."

नाझिया दारातच उभी होती. तिनं आजोबांना विचारलं, "दादा, क्या बोले थे आप?"

मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी सगळं ओकलं. मेहुण्याचंही. "झूठ था," म्हणाले.

त्या दिवसापासून पोरगी त्यांच्याशी बोलली नाही. आज निघताना आजोबा दुआ द्यायला हात उचलून दारात उभे होते. ती त्यांच्या शेजारून गेली आणि रिक्षात बसली. रिक्षा वळली तरी त्यांचे हात तसेच. मी खिडकीतून हटले नाही.

तुम्ही असतात तर मला रागावला असतात. रागवा! पोरीचा कसूर नव्हता, तिचं मी काही वाईट केलं नाही. पण चाचांना माफ करणं तुम्हाला जमलं, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

वचन देते, अब्बा. येत्या जुम्म्याला नमाज सुटली की मशिदीच्या दारात, सगळ्या मोहल्ल्यासमोर, त्यांना तेच पुन्हा बोलायला लावीन. काठी टेकत येतील. नाही आले, तर त्यांच्याच उंबऱ्यावर उभी राहून त्यांची ती खोटी साक्ष मीच सगळ्यांना सांगेन.

तुमची,
सलमा