हा महिना भरला आहे

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गुडघा वाकू देतो तेवढाच. उरलेला तू मनातल्या मनात पुरा करून घे.) तुझा दमा कसा आहे, जावयाची बदली एकदाची झाली की अजून होणार-होणारच चालू आहे, गच्चीवरच्या कुंड्यांना हल्ली पाणी कोण घालतं, सगळं सविस्तर कळव. मागच्या खेपेसारखं ‘सगळं ठीक’ एवढं एका ओळीचं कार्ड टाकू नकोस. एका ओळीची आमच्या घरात सध्या भयंकर धास्ती आहे. का, तेच सांगायला बसले आहे. आणि हो, शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आहे, ती या वेळेपुरती आवर. चहा करून घे आणि क्रमाने वाच.

आमच्या इथल्या वर्तमानपत्राच्या महिनाअखेरच्या पुरवणीत एक पान असतं. त्या महिन्यात जी नामांकित माणसं गेली त्यांचं. वर तीन चौकटी, चौकटींत तीन फोटो आणि फोटोखाली चांगला ऐसपैस मजकूर. आणि अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात, ‘यांचेही निधन’ म्हणून उरलेल्यांची रांग. प्रत्येकाला एक ओळ. नाव, व्यवसाय, वय, झालं. साधी माणसं हे पान वाचतात, चुकचुकतात आणि उलटतात. पण आमचे हे साधे नाहीत ना! हे नट. (‘निवृत्त नट’ म्हटलेलं खपत नाही. नट निवृत्त होत नसतो, फक्त त्याला बोलावणं येत नाही, असं यांचं म्हणणं.) आणि तेही मरण्यात हातखंडा असलेले नट. सगळी हयात रंगमंचावर मरण्यात गेली. गोळी लागून मेले, विष पिऊन मेले, सुरा पोटात घेऊन मेले. विष प्यायल्यावर तर यांना मरायला इतका वेळ लागायचा की पुढच्या रांगेतले लोक रडता रडता घड्याळ बघायचे. वन्समोर मिळाला की मेलेला माणूस उठून बसायचा, सगळ्यांना नमस्कार करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. तू एकदा नाटकाला आली होतीस आणि ‘अगं बाई, मेले की हे!’ म्हणून भर थिएटरात किंचाळली होतीस, ते हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला पदक दाखवावं तसं सांगतात.

यांना रोज मारणारा एक होता, तुला आठवत असेल. आम्ही त्याला घरातही खलनायकच म्हणायचो. देवमाणूस. स्टेजवर यांच्या पोटात सुरा खुपसायचा आणि विंगेत आला की स्वतःच्या पंच्याने यांचा घाम पुसायचा. तो मध्यंतरी गेला, आणि गेला तो नेमका अशा महिन्यात, की एक थोर गायिका, एक माजी मंत्री आणि फुटबॉलचा एक गाजलेला कर्णधार असे तिघे आधीच चौकटी अडवून बसलेले. खलनायक बिचारा गेला तळाला. ‘ज्येष्ठ विनोदी नट, वय अमुक.’ विनोदी! ज्या माणसाने जन्मात कोणाला हसवलं नाही (एकदा ऐन खुनाच्या वेळी मिशी सुटली होती, ते सोड), तो विनोदी! यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिसऱ्या दिवशी म्हणाले ते एवढंच, की चूक त्याचीच. एका अंकात एकच मरण असावं, दुसरा मेला की पहिल्याचं रडू वाया जातं, हे इतकी वर्षं या धंद्यात राहून त्याला कळू नये?

तेव्हापासून यांनी महिन्यांवर पाळत ठेवायला सुरुवात केली. सकाळी पेपर आला की मी भाजीचे भाव बघते, हे चौकटी बघतात. कोणी मोठा माणूस गेला की ‘एक गेली’ म्हणतात. मला आधी वाटायचं माणसाला हळहळ वाटते आहे. मग कळलं, हे जागा मोजत होते. मी म्हणायची, अहो, त्या माणसाचं काही वाटतं का तुम्हाला? तर म्हणायचे, वाटतं ना, पण तो जागा पकडून गेला, आता माझं काय?

हे सगळं गमतीगमतीत चाललं असतं, पण तेवढ्यात यांच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, बदलावी लागेल, आणि याच महिन्यात. हे शांतपणे म्हणाले, या महिन्यात जमणार नाही, हा महिना भरला आहे. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस खोल्या नाहीत म्हणतो ना, अगदी त्या सुरात. पहिल्याच आठवड्यात एक गिर्यारोहक, एक न्यायाधीश आणि ती सिनेमातली म्हातारी नटी, तिघंही गेली होती. डॉक्टरांना वाटलं पेशंट घाबरला. ते पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुम्ही काही मरणार नाही हो. आता हे यांना बोलायचं वाक्य आहे का? हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, झडप तुमचा विषय. मरण माझा विषय. त्यात तुम्ही पडू नका.’ आणि टोपी घालून दवाखान्याबाहेर. मी मागे राहून डॉक्टरांची माफी मागत बसले, नेहमीप्रमाणे.

लेकीने फोनवरून रडून पाहिलं. तिला म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात म्हणजे काय, नाटकाची तारीख आहे का? पण मीही तेव्हा हसण्यावारी नेत होते, खोटं कशाला सांगू. मग एके दिवशी दुपारी बाजारातून येताना हे जिन्याच्या वळणावर बसले. पिशवीतली लिंबं पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली आणि हे नुसते बघत राहिले. ओठ निळसर झालेले. मला म्हणाले, तालीम करतोय. ताई, यांचं एकूण एक मरण मला पाठ आहे. विषाचं वेगळं, सुऱ्याचं वेगळं, म्हातारपणाचं वेगळं. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. लिंबं तशीच टाकून मी यांना धरून वर आणलं आणि त्याच पावली ठरवलं, की आता डॉक्टरांशी बोलून उपयोग नाही. आता त्या पानाशीच बोलायचं.

दुसऱ्या दिवशी यांना टॅक्सीत घातलं आणि थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत नेलं. पान लावणारी एक बाई आहे. केसांत पेन्सिल खोचलेली, टेबलावर अर्ध्या प्यायलेल्या चहाचे चार कप, आणि चेहरा इतका हसरा की हिला हे काम कोणी दिलं असं वाटावं. तिच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट. त्यात कोण असतं सांगू? जिवंत माणसं! म्हणजे ज्यांचं वय झालंय अशा नामांकित माणसांचे मजकूर आधीच लिहून, फोटो लावून, तयार ठेवलेले. ऐन वेळी फक्त तारीख घालायची. मला तर शहाराच आला. हे मात्र हरखून गेले. ‘मी आहे का?’ आवाज असा, की पहिल्या नाटकाच्या जाहिरातीत नाव शोधत होते तेव्हाही एवढा कापला नसेल. बाईने फाइल काढली. होते! पण फोटो बघितला आणि यांचा पारा चढला. कुठल्याशा नाटकातला, मेल्यानंतरचा. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. बाई म्हणाली, आमच्याकडे तुमचे जेवढे फोटो आहेत ते सगळे मेलेलेच आहेत, आम्ही तरी काय करणार? हे म्हणाले, अहो, निदान मेल्यावर तरी माणूस जिवंत दिसला पाहिजे! मग खिशातून लाल पेन काढून स्वतःचाच मृत्युलेख तपासायला बसले. ‘उत्तम’ खोडून ‘अद्वितीय’ केलं. पुढे, या महिन्यात चौथी चौकट काढता येईल का, म्हणून घासाघीस सुरू केली.

तिथे माझा बांध फुटला. मी भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, ओरडले. म्हटलं, तुम्हाला चौकट हवी आहे, मला घरात माणूस हवा आहे. तुमचा फोटो घेऊन मी करू काय? त्याच्याशी भांडता येतं का? तो चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर करणार आहे का? मला तुम्ही हवे आहात हो, मेलं, कुरकुरत का होईना! पलीकडच्या टेबलावरचा क्रीडावाला उभाच राहिला. आणि हे, ज्यांना आयुष्यात कधी प्रॉम्प्टर लागला नाही, ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्यच सुचेना. मग लाल पेन खिशात घातलं आणि त्या बाईकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, पान बंद कधी होतं?

बाई म्हणाली, पंचवीस तारखेला दुपारी. त्यानंतर जो जाईल तो पुढच्या महिन्याच्या पानात.

‘म्हणजे सव्वीसला गेलं तर...’

‘तिन्ही चौकटी मोकळ्या,’ बाई म्हणाली. (सोन्यासारखी बाई. तिला मी तेव्हाच मनातल्या मनात सून करून टाकली, मुलगा नसताना.)

तिथूनच, तिच्याच फोनवरून, डॉक्टरांना सव्वीस तारीख सांगितली. सव्वीसच का, म्हणून ते विचारत होते. मी म्हटलं, छापखान्याची अडचण आहे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आमच्या घराशी त्यांचा आता बऱ्यापैकी परिचय झाला आहे.

सव्वीसला हे असे निघाले, जणू पहिला प्रयोग. दाढी गुळगुळीत, कानामागे अत्तर. स्ट्रेचरवरून नेताना दोन्ही बाजूंच्या पेशंटांना हात करत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सूचना केली, की अंधार एकदम करू नका, हळूहळू करा. मी दार लागेपर्यंत हसत होते. दार लागलं आणि बाकावर बसले, पर्स पोटाशी घट्ट धरून. काय विचार केला म्हणशील तर काही नाही. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या, त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला वाटतं, आता मी सगळ्या डॉक्टरांपेक्षा चांगले हात धुते.

संध्याकाळी यांनी डोळे उघडले. मला बघितलं, नर्सला बघितलं, छताकडे बघितलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, ‘वन्समोर मिळाला.’ नर्सला काही कळलं नाही, ती म्हणाली भुलीत बडबडतायत. मला कळलं. मी हसत होते की रडत होते, मला नाही सांगता यायचं. नर्सने मलाच खुर्चीत बसवून पाणी दिलं.

आता खरी गंमत ऐक. त्यानंतरचा अख्खा महिना कोणी गेलंच नाही! एकही नामांकित माणूस नाही. सगळ्यांना ठणठणीत बरं वाटत होतं. परवा पुरवणी आली, तर तिन्ही चौकटी एकत्र करून एकच मोठ्ठा फोटो. प्राणिसंग्रहालयातला म्हातारा पाणघोडा! खाली भरभरून मजकूर, त्याचा स्वभाव, त्याच्या आवडीनिवडी, मुलांमधली त्याची लोकप्रियता. यांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि सुस्कारा टाकून म्हणाले, केवढा महिना वाया गेला. मग पुन्हा उघडून म्हणाले, आणि त्याचे डोळे बघ कसे उघडे आहेत. पण तब्येत विचारशील तर काय सांगू! जिना एका दमात चढतात. भूक वाढली आहे, आवाज वाढला आहे, चहातल्या साखरेवरची कुरकुर पहिल्यासारखी झाली आहे. मी रोज मुद्दाम थोडी कमी घालते.

तुझ्याकडच्या थोरांच्या पाया पडते आणि लहानांचे, ते पळून जायच्या आत, गालगुच्चे घेते.

तुझी,
धाकटी

ता. क. – या धामधुमीत एक सांगायचं राहिलंच. माझा गुडघा येत्या गुरुवारी बदलायचा आहे. मी काही नामांकित नाही, मला कुठलाही महिना चालतो. पण पंधरा दिवस तू येऊन राहिलीस तर बरं होईल. यांना मरणाखेरीज काही करता येत नाही. काल चहा करायला गेले आणि भांडं जाळलं.

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच त्या पानवाल्या बाईचा फोन आला. काल हे ‘फिरायला जातो’ सांगून तिच्याकडे गेले होते. माझी फाइल करायला! तिने विचारलं, तुमच्या सौभाग्यवतींची ख्याती कशाबद्दल लिहू? तर म्हणाले, लिहा, हा गृहस्थ रोज मरायचा आणि ही त्याला रोज रंग पुसून, जिवंत करून घरी आणायची. वर बजावून आले, की आम्ही दोघं एकाच महिन्यात गेलो तर चौकट हिची. मला ‘यांचेही निधन’मध्ये टाका, एक ओळ पुरे. ताई, मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि यांच्या चहात दोन चमचे साखर घातली.

ता. क. – आताच यांना विचारलं, माझा फोटो कोणता दिलात? आपल्या कपाटातला, तू फुलदाणीशेजारी उभी आहेस तो, म्हणाले. अगं, तो तुझा आहे! चष्मा न लावता उचलला असणार. तेव्हा येताना माझा एक बरा फोटो शोधून आण, नाहीतर माझ्या नावाखाली तू छापून येशील आणि तुझ्या दारात रडायला माणसं जमतील. लवकर ये. तू येऊन फोटो बदलेपर्यंत मी काही जात नाही.